पाण्यात निघालेला दोष

मी पिपेट बोलतोय. नाव ऐकून नाक मुरडू नका. प्रयोगशाळेत थेंब मोजून उचलायचा आणि मोजून सोडायचा, एवढंच माझं काम. डोक्यावरचं बटण अंगठ्याने दाबलं की मी श्वास सोडतो, अंगठा सैल झाला की घोट घेतो. माझा घोट डासाच्या पोटात मावेल एवढाच, पण त्यावर माणसांचे संसार तरतात आणि बुडतात. म्हणून मला भारी माज होता.

कारखान्यातल्या पारख्याने मला काट्यावर पन्नास वेळा पाणी टाकायला लावलं. मी एकदाही चुकलो नाही. पुढे जे काही चुकलं ते माणसांच्या हातून, हे आधीच सांगून ठेवतो.

मी ज्या टेबलावर दिवस काढले तिथे जनुकांतले दोष शोधत. रक्तातून डीएनए काढायचा, तो माझ्या तोंडाने छोट्या नळीत सोडायचा, वर रसायनं घालायची आणि नळ्या यंत्रात ठेवायच्या. यंत्र त्यांना तापवतं, गार करतं, पुन्हा तापवतं. जो दोष शोधतोय तो असेल तरच त्या तुकड्याच्या लाखो नकला निघतात. मग ते सगळं जेलीच्या लादीत भरून दिव्याखाली धरलं की दोषवाल्याच्या रकान्यात चकचकीत पट्टी दिसते. नसेल तर नुसता काळोख. त्या काळोखासाठी बाहेर बाकड्यावर माणसं नवस बोलत बसलेली असतात.

आणखी एक रीत होती. दर वेळी एका नळीत नुसतं पाणी ठेवायचं. पाण्याला ना आई ना बाप, त्याला कसला दोष? त्याच्या रकान्यात पट्टी दिसली तर समजायचं की कुणाचं तरी कुणात मिसळलंय. मग सगळं फेकून द्यायचं आणि पुन्हा मांडायचं. हा नियम तिथल्या प्रत्येकाला पाठ होता.

मला वापरणारी मुलगी हुशार होती. सगळे तिला तोंडावरच चष्मिष्ट म्हणत. त्या दिवशी तिच्यापुढे दोन सख्ख्या बहिणींचं रक्त होतं. थोरलीला छातीचा कर्करोग झालेला, आणि तो वंशातून आलेल्या दोषामुळे हे आधीच ठरलेलं. धाकटीला फक्त एवढंच कळायला हवं होतं, आपल्यातही तो दोष आहे की नाही.

चष्मिष्टने थोरलीचा थेंब उचलला आणि तिचा फोन वाजला. नवरा विचारत होता, किल्ली कुठे ठेवलीस? तिने मला, तोंडात थेंब असताना, टेबलावर आडवं टाकलं. असं कधीच करायचं नसतं, पिपेट उभंच धरायचं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. थेंब माझ्या घशात उतरला. किल्ली सापडली. तिने माझं पुढचं प्लॅस्टिकचं टोक तेवढं बदललं आणि त्याच ओल्या घशाने धाकटीची नळी भरली. मग पाण्याची.

संध्याकाळी दिव्याखाली तिन्ही रकाने चमकले. थोरलीचा ठसठशीत, धाकटीचा जरा फिका, आणि पाण्याचा अगदी पुसट.

"मॅडम, पाण्यातही दिसतंय. उद्या पुन्हा लावते," चष्मिष्ट म्हणाली.

प्रयोगशाळा चालवणाऱ्या मोठ्या मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. "धाकटीच्या सर्जनचे दोन फोन येऊन गेलेत. थोरलीला आहे म्हणजे धाकटीलाही असणारच. फोटोतला पाण्याचा रकाना काप आणि उरलेला रिपोर्टला लाव."

चष्मिष्टने फोटो कापला. आणि मला स्टँडला टांगून माझ्यावर चिकटपट्टी लावली, 'वापरू नये'. याचा अर्थ तिला सगळं कळलं होतं. शिक्षा मला झाली.

पुढे कर्करोग होऊ नये म्हणून धाकटीने महिन्याभरात दोन्ही स्तन काढून टाकले. थोरली त्याच वर्षी गेली.

दोन वर्षांनी धाकटी परत आली, अठरा वर्षांच्या लेकीला घेऊन. आता लेकीची तपासणी करायची होती. चष्मिष्टने नवं पिपेट घेतलं, ते शेवटपर्यंत उभं धरलं, आणि ताडून पाहायला दोष असलेला नमुना शेजारी हवा म्हणून आईचं फ्रीजमध्ये जपून ठेवलेलं जुनं रक्त बाहेर काढलं. आईचा रकाना काळा आला. तिने पुन्हा लावलं. पुन्हा काळा.

"मॅडम, आईच्यात काहीच नाहीये. दोनदा पाहिलं."

"आणि मुलीच्यात?"

"तिच्यातही नाही."

"मग मुलीचा रिपोर्ट दे. आईचा कुणी मागितलाय?"

मी स्टँडवरून ऐकत होतो. मला तेव्हा किळस आली, त्यांची आणि स्वतःचीही.

चष्मिष्टने कागद धाकटीच्या हातात दिला. तिने तो वाचला, लेकीला वाचायला लावला, आणि मग ती तिथेच मटकन खाली बसली. लेक म्हणाली, "आई, अगं ऊठ ना, सगळे बघतायत."

"बघू देत." तिने चष्मिष्टचा हात धरून डोळ्यांना लावला. "तुझ्या हाताला गुण आहे गं पोरी. हिचा बाबा अजून माझ्याकडे धड बघत नाही. मी रोज म्हणायचे, असलं जिणं कशासाठी? आज कळलं. माझ्यावर आलं ते माझ्यापाशीच थांबलं. पोर सुटली माझी."

चष्मिष्टचे ओठ हलले. मला वाटलं, आता सांगते. ती म्हणाली, "काळजी घ्या, ताई."

उद्या मला भंगारात टाकणार आहेत. टाका, मला त्याचं काही नाही. माझा घसा अजून धुतलेला नाही, थोरली तिथे वाळून बसली आहे. तुमच्याकडे एकच मागणं आहे. ती बाई तुम्हाला कधी भेटली, आणि लेकीसाठी आपण काय दिलं हे हसत हसत सांगू लागली, तर तिला यातलं काही बोलू नका. मान डोलवा आणि ऐकून घ्या.