डाव्या खांद्याची पट्टी

"यंदा फोटो छापायचे," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. "नुसती नावांची यादी कोण वाचतं हो? आपल्याच शाळेत शिकलेले, पूल बांधणारे ते साहेब सत्काराला येतायत. पहिल्या पानावर त्यांचाच घ्या. चांगला मोठा."

कारकुनांनी मान डोलावली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत ह्यांनी मान डोलावण्यापलीकडे काही केलं नाही, असं त्यांची बायको चारचौघांत सांगायची आणि ते त्यावरही मान डोलवायचे. पण आज टेबलावरचा साहेबांचा फोटो उचलून त्यांनी तो पालथा ठेवला.

शाळेच्या वार्षिक अंकात 'आपली माणसं' म्हणून चार पानं असत. माजी विद्यार्थ्यांपैकी कोण कुठे लागला, कुणाला बक्षीस मिळालं, कुणाला मूल झालं. ही पानं कारकुनांची. ऑफिसातल्या लाकडी कपाटात प्रत्येक विद्यार्थ्याचं एक कार्ड होतं, दाखल क्रमांकाप्रमाणे लावलेलं. पत्र आलं की कार्ड काढायचं, बातमी टिपायची, कार्ड परत जागेवर. शाळा सोडलेलं पोर आमच्या खणात मोठं होत राहतं, असं ते कौतुकाने सांगत.

आठ वर्षांपूर्वी परदेशातून एक पत्र आलं. लिहिणाऱ्याला एका पुलाच्या कामासाठी बक्षीस मिळालं होतं. खाली नाव, वर्ष, दाखल क्रमांक ४१७३. कारकुनांनी भरभर कार्डं चाळली आणि ४१३७ काढलं. त्या वर्गात एकाच नावा-आडनावाची दोन मुलं होती. शिक्षकसुद्धा त्यांना लांब्या आणि तिरप्या म्हणूनच ओळखत. ४१७३ लांब्याचा, ४१३७ तिरप्याचा. नाव तेच, वर्ष तेच, मग शंका कशाला येईल? शिवाय कारकुनांना ती बातमी तिरप्याचीच हवी होती.

तिरप्याचा डावा खांदा जन्मापासून खाली होता. शेवटच्या परीक्षेत नापास झाल्यावर तो एकटाच दाखला न्यायला आला होता. आपल्या कार्डावरच्या 'पुढील पत्ता' या रकान्यावर पेन टेकवून त्याने विचारलं, "काका, इथं काय लिहू?"

जेवणाची सुट्टी व्हायला पाच मिनिटं होती. "लिही काहीही. नाहीतर सोड कोरं," कारकून म्हणाले होते.

त्याने कोरं सोडलं. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही.

म्हणून ते पत्र आलं तेव्हा कारकून चपला घालायचंही विसरून रस्ता ओलांडून धावले. समोरच तिरप्याच्या आईचं शिवणाचं दुकान होतं. शाळेचे गणवेश तीच शिवायची. बातमी ऐकून ती मशीनवरच डोकं टेकून रडली आणि मग हसली. तिसऱ्या दिवशी पत्र फायलीला लावताना कारकुनांचं लक्ष आकड्याकडे गेलं. कार्डावरची ओळ त्यांनी खोडली आणि खरं सांगायला पुन्हा रस्ता ओलांडला. दुकानात शेजारणी जमल्या होत्या, चहा चालला होता, तिने त्यांच्यासाठी खुर्ची पुसली. कारकून चहा पिऊन परत आले.

पुढे दरवर्षी तेच झालं. लांब्याचं पत्र येई, अंकात छापून येई आणि ती अंक छातीशी धरून घरी नेई. पाचेक वर्षांपूर्वी लांब्याला मुलगी झाली. तेव्हा तिने पत्ता मागितला.

"पत्रावर पत्ता नसतो, ताई," कारकून खाली बघत म्हणाले.

"राग गेला नाही त्याचा," ती म्हणाली. "नापास झाला त्या रात्री मी त्याला ताट वाढलं नव्हतं, भाऊ. जवळ बसला होता, तरी नाही वाढलं."

तेव्हापासून ती दर वर्षी एक फ्रॉक शिवू लागली. दुकानाच्या मागच्या खुंटीवर ते टांगलेले असत, पहिला वीतभर, पुढचा त्याहून मोठा. न पाहिलेली ती पोर त्या खुंटीवर वाढत होती.

आणि कारकुनांना तिरप्या सोडत नव्हता. कार्डांचा खण उघडला की काउंटरशी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटे. भर दुपारी, शाळा गजबजलेली असताना, अगदी जवळून आवाज येई, "काका, इथं काय लिहू?" वर बघावं तर कुणी नसे. व्हरांड्यात त्या वर्षीचा वर्गाचा फोटो होता. मागच्या रांगेत कडेला एक खांदा खाली गेलेला. तो दिसू नये म्हणून कारकून उन्हातान्हात मैदानाला वळसा घालून ऑफिसात येत.

आता मात्र वळसा घालायला जागा नव्हती. अंक छापून येण्याआधी तिला आपणच सांगायचं असं ठरवून, लांब्याचा फोटो पाकिटात घालून ते दुकानात गेले.

"या भाऊ! शिपाईदादा सांगून गेले, सत्काराला येतोय म्हणून." तिच्या मांडीवर पांढरा शर्ट होता. "मापाचा अंदाजच केलाय. बघू तरी तो फोटो."

ती चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिली. मशीनचं चाक फिरत होतं, ते तिने तळव्याने थांबवलं.

"चेहरा भरलाय," ती म्हणाली. मग बोट फोटोवरून खाली सरकलं. "खांदा सरळ झालाय."

कारकुनांनी हातातलं रिकामं पाकीट दुमडलं.

"तिकडे हाडांचे मोठमोठे डॉक्टर असतात. करून घेतला असेल. हो ना?"

ती त्यांच्याकडे बघत होती. नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा कारकुनांची मान हलली नाही.

"ताई, हा तुमचा नाही. हा दुसरा, लांब्या. माझी चूक झाली."

"कधी कळलं तुम्हाला?"

"तिसऱ्या दिवशी."

"पहिल्या वर्षी?"

"हो."

"आठ वर्षं!" तिचा आवाज चिरकला. "आठ वर्षं मला सासू केलंत, आजी केलंत! दया आली होय माझी?"

"नाही ताई. भीती वाटली. त्याला शेवटचं मीच पाहिलं. पत्ता काय लिहू म्हणून विचारत होता. मी म्हणालो, कोरं सोड. दोन शब्द बोललो असतो तर कदाचित थांबला असता."

रस्त्यावरून सायकली जात होत्या. समोरच्या शाळेत कुठलातरी वर्ग पाढे म्हणत होता. ती शर्टाकडे बघत बसली.

"त्याच्या कार्डावर काय आहे?" तिने विचारलं.

"दाखला नेल्याची तारीख. आणि एक खोडलेली ओळ."

"म्हणजे वाईट काही नाही लिहिलेलं?"

"नाही."

"बरं."

तिने छोटी कात्री घेतली, शर्ट उलटा केला आणि डाव्या खांद्याच्या आतली शिवण उसवू लागली. आत कापडाची जाड, चौपदरी पट्टी होती. त्याच्या शाळेच्या प्रत्येक शर्टात ती अशी पट्टी घालायची, पोरगा थोडा तरी सरळ दिसावा म्हणून. धागे एकेक करून निघाले. मग तिने शर्टाला इस्त्री केली, घडी घातली आणि फ्रॉक खुंटीवरून काढून त्यावर ठेवले.

"हे त्या पाहुण्यांना द्या. फ्रॉकही त्यांच्याच मुलीच्या वयाचे आहेत. त्यांचं सुख इतकी वर्षं मी वापरलं."

"ताई..."

"आणि ही पट्टी कार्डापाशी ठेवा. तो आला तर हिच्यावरून ओळखा. परत चूक नको."

शाळा सुटली होती. कारकून व्हरांड्यातूनच ऑफिसात आले, फोटोसमोर थोडं थांबून. ४१३७ काढलं. 'पुढील पत्ता' हा रकाना एकोणीस वर्षं कोरा होता. त्यांनी पेन उघडलं आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, शाळेसमोर, आईचं दुकान.

मग पट्टी कार्डामागे ठेवून त्यांनी खण लोटला. पट्टी जाड होती, खण पुरता बसेना. त्यांनी तो तसाच बोटभर उघडा ठेवला.