आधी कुणाची वेळ संपते?

"आधी कोण आलं ते विचारू नकोस, आधी कुणाची वेळ संपतेय ते बघ." मला घडवणाऱ्या ताईंचं हे पहिलं सांगणं. मित्रांनो, मी रक्तपेढीतला एक जुना संगणक आहे आणि आजवर हाच माझा नेम आहे.

कुणाला महिन्याचा अहवाल हवा असतो, कुणाला दहा मिनिटांत रक्ताची पिशवी. कोणती पिशवी कुणासाठी राखलेली, हे माझ्यातल्या नोंदवहीशिवाय कळत नाही, आणि ती वही एका वेळी एकाच कामाच्या हाती असते. घाईचं काम आलं, की संथ कामाकडून मी ती काढून घेतो. ते बिचारं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

यात भांडार सांभाळणाऱ्या मामांच्या अहवालाचे फार हाल झाले. "आमचं काम म्हणजे सावत्र लेकरू!" मामा कुरकुरत. एका दुपारी वैतागून त्यांनी अहवालावर 'मध्येच थांबवू नये' अशी खूण केली. नेमकी तेव्हाच एका बाळंतिणीसाठी मागणी आली. मुदत अकरा मिनिटं. वही अहवालाकडे आणि मी त्या खुणेने बांधलेला. मनातल्या मनात देवाचा धावा करत राहिलो.

तीन मिनिटं गेली. तपासणीच्या टेबलावरची मुलगी ओरडली, "मामा, वही कुणी अडवलीय? पिशव्या समोर आहेत, उचलू कुठली?"

"अगं, मीच की! मरो तो अहवाल!" मामा धावले. खूण काढली. आठव्या मिनिटाला पिशवी पोहोचली. आई वाचली, बाळही.

दुसऱ्या दिवशी बाळंतिणीची आई आभार मानायला आली. मामा खाली मान घालून म्हणाले, "आई, तीन मिनिटं माझ्यामुळे गेली."

"लेक हाती लागली, बाबा. आता मिनिटं कसली मोजतोस?"

"तरी दर तीन महिन्यांनी एक पिशवी मी भरीन. शब्द देतो."

आता माझा पंखा घरघरतो. तरी तपासणीच्या टेबलावरची ती मुलगी रोज सकाळी मला हळुवार पुसते. अजून कुणाच्या तरी वेळेला उपयोगी पडतो, याहून मागणं काय असावं? एवढंच विनवतो, मित्रांनो, खोटी घाई कुणी करू नका. खरी घाई असलेला मागे राहतो.

मामांनी शब्द दिला त्याला आज तीन महिने भरले. त्यांनी अहवाल सुरू केला. खूण केली नाही. मग बाही दुमडत, कुणाला काही न सांगता, ते शेजारच्या रक्तदानाच्या खोलीकडे निघाले.