लिफ्ट रिकामी येते

“आत कुणी नव्हतं म्हणजे कुणी नव्हतं. मी काय आंधळी आहे?” पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि कमरेवर हात घेतला. “मी बटणसुद्धा दाबलं नव्हतं. आपली जिन्याकडे वळत होते. लिफ्ट आपली आपण खाली आली, दार उघडलं, कुणीतरी उतरावं इतका वेळ थांबली, मग दार लागलं.”

“आणि गार वारा आला, ते सांगा ना,” सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले.

“आला की! अंगावर सरसरून काटा आला.”

लिफ्टच्या मिस्त्रीने नुसती मान हलवली. लिफ्ट खाली उतरते तेव्हा खालची हवा दाबली जाते आणि दाराच्या फटीतून बाहेर येते, हे तो पूर्वी समजावून सांगत असे. आता नाही सांगायचा. भूत गेलं की लोकांना सुटल्यासारखं वाटेल अशी त्याची समजूत होती, पण बहुतेकांचे चेहरे कुणीतरी खेळणं काढून घेतल्यासारखे व्हायचे.

“तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गेल्यापासून सुरू झालंय हे,” सेक्रेटरींनी आवाज खाली आणला. “रोज संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. काकूंची फिरून परत यायची वेळ. आता बोला.”

“बोलायचं काय? बघतो,” मिस्त्री म्हणाला आणि त्याने तळमजल्याच्या बटणाची पट्टी उघडली.

कंपनीत त्याला सगळे ‘मांत्रिक’ म्हणत. कुठल्या इमारतीची लिफ्ट भारली गेल्याची तक्रार आली की साहेब हसत हाक मारायचे, “मांत्रिकाला पाठवा रे!” आणि मांत्रिक पान्हे-पकडी घेऊन निघायचा. एका दवाखान्यातली लिफ्ट नेमकी शेवटच्या मजल्यावर जाऊन थांबायची. बटणात झुरळ मरून पडलं होतं. एका इमारतीत लिफ्टच्या पोकळीतून बाई रडल्याचा आवाज यायचा. एक चाक कोरडं पडलं होतं. तेलाचे चार थेंब पडले आणि बाई गप्प झाली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं तो परत येऊन सांगायचा आणि चहा मागवायचा.

हेच वाक्य त्याने स्वतःच्या बायकोला ऐकवलं होतं. तेव्हापासून घरात फारसं बोलणं उरलेलं नव्हतं.

त्यांची एकुलती लेक साध्या तापाने गेली. साधा म्हणता म्हणता गेली. कॉलेजात जाणारी घोडी, पण घरात तिचं नाव ठकीच होतं. बाहेरून आली की स्वयंपाकघरातलं लोखंडी स्टूल फरशीवरून फरफटत ओट्याशी न्यायची आणि त्यावर बसून आईचं डोकं खायची. खर्र आवाज झाला की आई न बघता ओरडायची, “उचलून ठेव गं!” ठकीने ते स्टूल एकदाही उचललं नाही. जन्माची खोड.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी, दुपारच्या शांततेत, बायकोला तो आवाज आला. खर्र. स्टूल जागचं हललेलं होतं. मग ते अधूनमधून होऊ लागलं. संध्याकाळी तो घरी आला की बायको दारातच सांगायची, “आज आली होती हो.” हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जरा जीव असायचा.

त्याने एक सुट्टी त्यापायी घालवली. फ्रिजचा एक पाय अधू झाला होता. मोटर सुरू झाली की फ्रिज थरथरायचा, त्याला टेकलेलं स्टूल हलायचं आणि गुळगुळीत फरशीवरून इंचभर सरकायचं. त्याने फ्रिजच्या पायाखाली पट्टी सारली, स्टुलाच्या चारी पायांना रबरी बुचं बसवली आणि बायकोला बोलावून सगळं नीट समजावून सांगितलं. वर ते ब्रह्मराक्षसाचंही सांगितलं.

बायको स्टुलाकडे बघत राहिली. “झालं?” एवढंच म्हणाली.

आवाज बंद झाला. बायकोही बंद झाली. ताट वाढायची, कपडे घडी करायची, विचारलं तर उत्तर द्यायची. दिवसेंदिवस ती वाळत चालली होती, हे त्याला दिसत होतं. डॉक्टरांनी औषधं दिली, ती मुकाट्याने घेत होती. आपण हिचं काय बिघडवलं, हे त्या माणसाला कळत नव्हतं. उभा जन्म लोकांचं बिघडलेलं दुरुस्त करण्यात गेला होता त्याचा.

तळमजल्याचं बटण त्याने सोडवून खिशात टाकलं. आपोआप खाली येणारी लिफ्ट म्हणजे शंभरातल्या नव्वद वेळा खालच्या बटणाची चूक. आता बटणच नाही, तर बोलावणार कोण? सेक्रेटरींना त्याने लिफ्टच्या दाराशी उभं केलं, मोबाइल चालू ठेवायला सांगितला आणि स्वतः जिन्याने गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत जाऊन बसला.

साडेपाच वाजले. मोटर गुरगुरली. समोरच्या पॅनेलवरचे दिवे बघून लिफ्ट कुठे आहे ते त्याला कळत होतं. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर गेली. थांबली. दार उघडलं, लागलं. आणि तळमजल्याचा हुकूम आला. खालून नव्हे, लिफ्टच्या आतून. म्हणजे कुणीतरी आत शिरून बटण दाबलं होतं.

“चला, माणूस आहे आत,” तो मोबाइलवर म्हणाला. “बघा कोण उतरतंय ते.”

लिफ्ट खाली पोचली.

“मिस्त्री,” सेक्रेटरींची बोबडी वळली होती. “अहो मिस्त्री... रिकामी आहे.”

त्या कोंदट खोलीत त्याच्या हातावरचे केस उभे राहिले. इतकी वर्षं झाली, पण असं कधी झालं नव्हतं. आणि भीतीच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी आलं, ज्याने तो जास्त दचकला. कुणी तरी असावं, असं त्याला वाटलं. नुसतं वाटलं नाही, हवंसं वाटलं. ही काकू खरंच खाली उतरली असेल, तर मग आपल्याही घरी... त्याने तो विचार तिथेच तोडला आणि धडाधडा जिना उतरला.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या बंद दाराला कान लावून एक म्हातारा उभा होता. अंगात स्वच्छ सदरा, पायांत घरातल्या चपला. मिस्त्रीला पाहून तो शाळेत पकडल्यासारखा बाजूला झाला.

“मी काही बिघडवलं नाही हो,” म्हातारा म्हणाला. “फक्त आत हात घालून बटण दाबलं.”

“काका, मग आत का नाही गेलात?”

“मला कुठे जायचंय खाली?”

मिस्त्री जिन्याच्या पायरीवर टेकला. काकाही थोड्या वेळाने कठड्याला टेकले आणि कुणी न विचारता सांगू लागले.

“हिचे गुडघे गेले होते. फिरून आली की खाली लिफ्टची वाट बघत उभं राहवायचं नाही. मी गॅलरीतून बघत असायचो. कोपऱ्यावर ही दिसली की लिफ्ट खाली पाठवून द्यायचो. आली की दार उघडं. रोज म्हणायची, लोकांचे नवरे न्यायला येतात, माझा लिफ्ट पाठवतो.” ते हसले. “आळशी आहे हो मी. जिना उतरायचा कंटाळा.”

“खाली लोक घाबरतात, काका.”

“कुणाला?”

“काकूंना.”

“हिला?” काकांना ते खरंच पटेना. “झुरळ दिसलं तरी पलंगावर चढायची ती. हिला कोण घाबरतंय?”

मिस्त्रीला हसू आलं. त्याने विचारू नये ते विचारलं. “तुम्हाला वाटतं, त्या येतात म्हणून?”

“छे! मी स्वतः पोचवून आलोय तिला. आता ती नाही, हे मला चांगलं माहीत आहे.” काका बोलायचे थांबले. आतमध्ये दोर हलले होते. लिफ्ट वर येत होती. दारावरचा आकडा बदलला. एक. काकांनी नकळत डोक्यावरचे चार केस हाताने बसवले. दोन. मिस्त्री पायरीवरून कधी उठला, त्याला कळलं नाही. तीन. दाराच्या काचेतून उजेडाची पट्टी वर सरकली आणि निघून गेली.

“चौथ्यावाल्यांनी बोलावली,” काका म्हणाले. “रोज कुणी ना कुणी बोलावतंच. माहीत असतं हो. पण वर येतेय, येतेय, अजून थांबली नाही, गेली नाही... तेवढा वेळ माहीत नसतं. तेवढ्यासाठीच पाठवतो.”

आपण मघापासून श्वास धरून उभे होतो, हे मिस्त्रीच्या आत्ता लक्षात आलं.

“उद्यापासून नाही पाठवणार,” काका खाली मान घालून म्हणाले. “लोकांना उगाच त्रास. खाली सांगा तुम्ही, म्हाताऱ्याचा खुळेपणा होता म्हणून.”

“मी कशाला सांगू?” मिस्त्री एकदम तडकून म्हणाला. काका चपापले. त्याने आवाज उतरवला. “लिफ्ट जुनी आहे, काका. तिला पाठवली काय, न पाठवली काय. पाठवत जा.”

खाली सेक्रेटरी आणि पहिल्या मजल्यावरच्या बाई वाटच बघत होत्या. बाईंनी आतापर्यंत निम्मी इमारत गोळा केली होती.

“काय निघालं?”

मिस्त्रीने तळमजल्याचं बटण परत बसवलं, स्क्रू आवळले, बोट लावून पाहिलं. कामाच्या बाबतीत तो आजवर कधी खोटं बोलला नव्हता.

“लिफ्टला सवय लागलीय,” तो म्हणाला. “जुन्या यंत्रांना लागते. संध्याकाळची येईल एकदा खाली. धोका काही नाही.”

“म्हणजे... भूत नाही ना?”

“असलं तरी गुडघेदुखीचं आहे, बाई. दार उघडलं तर जरा बाजूला व्हा, म्हणजे झालं.”

बाईंनी तोंडाला पदर लावला. सेक्रेटरींना हे उत्तर आहे की थट्टा, ते कळेना. तोवर मिस्त्री निघालाही होता.

घरी आला तेव्हा बायको बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. “चहा ठेवू?” तिने विचारलं, मान वर न करता.

“राहू दे. मीच ठेवतो.”

चहा कुणाला ठेवायचा होता! स्वयंपाकघरात जाऊन त्याने स्टूल उलटं केलं आणि पायांची रबरी बुचं पकडीने ओढून काढली. फ्रिजखालची पट्टीही काढली. स्टूल पूर्वीच्या जागी टेकवलं आणि ओट्याला टेकून वाट बघत राहिला. बऱ्याच वेळाने मोटर सुरू झाली. फ्रिज थरथरला, स्टूल जरासं थरथरलं. सरकलं नाही. पट्टीच्या आधाराने मधल्या काळात फ्रिजचा पाय कायमचा सरळ बसला होता. त्याने काम चोख केलं होतं, म्हणजे फारच चोख केलं होतं.

मोटर बंद पडली. बाहेर बायको उशीच्या अभ्र्यावरून हात फिरवत होती, त्याची चाहूल येत होती. मिस्त्रीला रडू फुटलं. लेक गेली तेव्हाही तो इतका रडला नव्हता; तेव्हा माणसं होती, धावपळ होती. त्याने बाहीने तोंड पुसलं. मग पाय पुढे केला आणि स्टूल ओट्याच्या दिशेने ढकललं.

खर्र.

बाहेरची चाहूल थांबली. तो भिंतीशी चिकटून उभा राहिला, चोरासारखा. आता ती आत येईल, पायाशी बुचं पडलेली बघेल, आणि मग आपण काय सांगणार?

ती आली नाही. बाहेरून आवाज आला, जुना, वैतागलेला, आईचा.

“उचलून ठेव गं!”

रात्री जेवताना ती म्हणाली, “ऐकलंत?”

“ऐकलं,” तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, किती तरी दिवसांनी. मग त्याच्या ताटात भाजी वाढली, न विचारता, त्याला लागते त्याहून जास्त. बुचं त्याने खिशात घातली होती; सकाळी पाहिलं तर पॅंट धुवायला गेली होती आणि बुचं खिडकीत ओळीने मांडून ठेवलेली होती. त्याने ती तिथेच राहू दिली.

एका रविवारी सकाळी तो आरशासमोर दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण होता. स्वयंपाकघरातून आवाज आला.

खर्र.

फ्रिजची मोटर चालू नव्हती, हे त्याच्या कानाने आधीच टिपलं होतं. बायको स्वयंपाकघरातच होती, हेही त्याला ठाऊक होतं. दार चार पावलांवर होतं. गेलं असतं, बघितलं असतं, तर सगळं सुतासारखं सरळ कळलं असतं.

तो गेला नाही. वस्तरा हातात तसाच धरून आरशातल्या माणसाकडे पाठ फिरवली आणि घसा खाकरला.

“ठके, उचलून ठेव बाई,” तो म्हणाला. “आई ओरडेल.”