भिजवायची राहिलेली माती

थोरलीला मुलगी झाली त्या वर्षी धाकट्याने प्रयोगशाळेत धावपट्टीखालची माती तपासायच्या यंत्रात बसवली, तेव्हा आई शेजारच्या स्टुलावर त्याचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. थोरली समुद्रापलीकडे. आईचं विमानाचं तिकीट पुढच्या शुक्रवारचं, आणि गावाला धावपट्टी एकच.

वरून वजन, बाजूने ढकल. काटा हळूहळू चढत गेला आणि स्थिरावला.

"एवढीशी माती विमान पेलणार होय रे?"

"पेलते गं. पण उतरताना विमान ब्रेक मारतं, तेव्हा ती खालून सरकते का, ते बघायचं."

"मग सरकली?"

"नाही."

"चला. आता जेव."

त्याने डब्याला हात लावला नाही. मातीचा तुकडा काढून तो बोटांनी चुरत राहिला.

"काय झालं?"

"ही भिजवायची राहिली. धावपट्टीखाली पाणी मुरतं, म्हणून रात्रभर भिजवून मग ढकलायची असते. कोरडी काय, ताठच उभी राहणार. घाईत विसरलो."

"घाई कुणाची? माझीच ना?"

त्याने बोटांवरची माती झटकली.

"कुणाला कळेल का हे?"

"नाही."

आईने डब्याचं झाकण परत लावलं.

"भिजव मग. मी काही पळून चालले नाही."

धावपट्टीखालून माती काढून आणलेल्या त्याच नळीतला दुसरा तुकडा त्याने पाण्यात ठेवला. सकाळी ढकलला, तर निम्म्या जोरालाच सरकला. त्याने अहवालावर सही केली आणि आठवड्याच्या आत धावपट्टी बंद करून खणायला घेतली गेली.

घरी आला तेव्हा आई बॅग रिकामी करत होती.

"टोपडी पोस्टाने जातात का रे?"

"जातात."

"मग तोंड कशाला पाडतोस? पत्ता लिही."

पुढे महिनाभर ती शेजारणींना सांगत होती, "सगळ्यांचा मुलगा आईला विमानात बसवतो. माझ्याने विमानच बसवून ठेवलं." सांगताना मान ताठ असायची.

डिसेंबरात थोरलीच बोटीने आली, लेकीला कडेवर घेऊन, ओकून ओकून अर्धी झालेली. तिने भावाकडे बघून डोळे वटारले.

"तुझ्यामुळे हे."

"त्याला काही बोलायचं नाही," आई म्हणाली आणि नातीला ओढून घेतलं.

धावपट्टी मार्चमध्ये पुन्हा सुरू झाली. आई जानेवारीतच वारली होती.