वरची खाच

आयुधपूजेच्या सकाळी हूटगळ्ळीत दारोदारी वाहने धुतली जात होती. तारा मूळची मिरजेची. तिच्या माहेरी या दिवसाला खंडेनवमी म्हणत. म्हैसूरच्या सासरी आल्यावर तिने सणाचे नवे नाव स्वीकारले, त्यामागची श्रद्धा मात्र स्वीकारली नाही. गाडी धुण्याला तिचा आक्षेप नव्हता. चिखल पाण्याने जातो, हे सिद्ध झालेले होते.

आज ती आपली मोटरसायकल शेवटची धूत होती. उद्या दसऱ्याला तिच्या नवऱ्याचा, हरिहरचा, पुतण्या श्रीनिधी येऊन ती कायमची घेऊन जाणार होता. तसे ठरले होते, आणि ठरवले ताराने स्वतःच होते. तिला सर्वांत जास्त संताप त्याचाच होता.

कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला ती वर्षानुवर्षे मोटरसायकलने जात आली होती. रविवारी कुणालाही न विचारता पिरियापट्टणपर्यंत जावे, वाटेत तंबाखूच्या शेतांपाशी थांबून चहा प्यावा आणि परत यावे, एवढीच तिची चैन होती. ‘येते’ म्हणून ती निघे. कुठे, कधी, कशासाठी, हे सांगण्याची गरज नसे. गणपतीनंतर तिची कंबर दुखू लागली. रस्ता आधी पाण्याच्या नळासाठी खणला गेला, मग गटारासाठी, आणि बुजवायची पाळी आली तेव्हा खणणाऱ्यांचे एकमेकांशी फाटले असावे. प्रत्येक खड्डा तिच्या मणक्यात हिशेब चुकता करू लागला. तिने टायरमधली हवा तपासली. सीटवर मोबाइल बांधून धक्के मोजले. रस्ता पूर्वीपेक्षा वाईट आहे असा निष्कर्ष निघाला, आणि रस्ता खरोखरच वाईट असल्यामुळे तिने निष्कर्षावर शंका घेतली नाही.

मग एक्स-रे झाला, पट्टा आला, गोळ्या आल्या. “बाईच्या अंगाला ती गाडी नव्हे गं,” सासूबाई, कमलाक्षी, म्हणाल्या. हे वाक्य त्या लग्नापासून म्हणत आल्या होत्या आणि तारा ते लग्नापासून खोडत आली होती. या वेळी मात्र तिची कंबरच सासूबाईंच्या बाजूने साक्ष देत होती.  हरिहर रोज संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी घेऊन तिची पाठ शेकत बसे, आणि एकदाच, अगदी हळू आवाजात म्हणाला होता, “मी सोडत जाईन ना तुला कारनं.”

मागच्या चाकापाशी ती उकिडवी बसली. चाकाच्या दोन्ही अंगांना शॉकअप होते, म्हणजे धक्का पोटात घेणाऱ्या स्प्रिंगांच्या नळ्या. त्यांच्या बुडाशी एक फिरते कडे असते आणि कड्याला जिन्यासारख्या खाचा असतात. जितकी वरची खाच, तितकी स्प्रिंग आधीपासून दाबलेली. लोक म्हणतात, स्प्रिंग कडक केली. ते चूक आहे. स्प्रिंग होती तशीच राहते, फक्त तिचे काम उशिरा सुरू होते. स्वार हलका असेल तर बारीकसारीक धक्के तिच्यापर्यंत न थांबता थेट त्याच्या पाठीत जातात. ताराने गाडी घेतली त्याच आठवड्यात आपल्या वजनाला साजेशी खालची दुसरी खाच लावली होती. त्यानंतर तिकडे पाहिले नव्हते. प्रयोगात जी गोष्ट आपण कायम धरतो, ती तपासायची राहून जाते.

चिखल निघाला. कडे शेवटच्या खाचेवर होते.

तिने दुसरी बाजू पाहिली. तीही शेवटच्या खाचेवर. कड्याच्या रंगावर पान्याने ओरबाडल्याच्या ताज्या खुणा होत्या, आणि आतला धातू अजून चकाकत होता.

कड्याला हे आपोआप जमत नाही. त्यासाठी टोकाला आकडी असलेला पाना लागतो. गाडीच्या बाजूचे झाकण उघडून तिने हत्यारांची पिशवी काढली. सगळे पाने जागेवर होते. आकडीचा नव्हता.

ओल्या हातांनीच ती घरात गेली.

हरिहरचे घराणे रंगाऱ्यांचे. कापडावर छपाई करण्याचे काम आजोबांबरोबर संपले, पण त्या धंद्याचा एक दंडक घरात टिकून होता. वर्षभरात ज्या हत्याराला हात लागला, ते प्रत्येक हत्यार आयुधपूजेला मांडायचे. मोडके असो, उसने असो, लपवायचे नाही. ज्याच्याकडून काम करून घेतले त्याला वगळणे हे घरात चोरीइतकेच वाईट समजत. म्हणून देव्हाऱ्यापुढच्या पाटावर आजोबांचे लाकडी ठसे, कमलाक्षींची कात्री, विळी, हरिहरचा लॅपटॉप आणि त्याचे स्क्रूड्रायव्हर ओळीने मांडले होते. सकाळीच पूजा झाली होती. ओळीच्या अगदी टोकाला, झेंडूच्या फुलाखाली अर्धवट झाकलेला, कुंकू लावलेला आकडीचा पाना होता.

तिच्याखेरीज घरात पाना धरणारा एकच होता, हरिहर. या माणसाने बायकोपासून लपवले आणि देवीपुढे मांडले.

हरिहर बाहेर वाहनांच्या पूजेसाठी कोहळा कापत होता. कमलाक्षी शेजारी चिरमुऱ्यांच्या पुड्या बांधत होत्या.

“तो पाना तिथं कोणी ठेवला?” ताराने विचारले.

सुरी कोहळ्यातच थांबली. “मी. पूजेला सगळंच ठेवतो आपण, हो ना, अल्वा?”

“सगळं नाही. त्या पिशवीतले बाकीचे पाने पिशवीतच आहेत. ज्याला हात लागला तेच ठेवता तुम्ही. याला कधी लागला?”

“अय्यो, सणाच्या दिवशी कोर्ट कशाला गं मांडतीस?” कमलाक्षी म्हणाल्या. “फुलं दे की इकडं.”

“कधी, हरिहर?”

“गणपतीनंतर,” तो म्हणाला.

“दोन्ही बाजू?”

“एकच केली असती तर गाडी एका अंगाला ओढली असती. धोका होता.”

“म्हणजे माझ्या सुरक्षिततेचा विचार केला होतास.”

त्याने सुरी खाली ठेवली. “जूनमध्ये त्या चरीच्या कडेला घसरलीस तू. मागून टेंपो होता. तू घरी येऊन ते हसत सांगितलंस, जेवलीस, झोपलीस. मला नाही झोप लागली. नंतर किती तरी दिवस नाही.”

“मग मला तसं सांगायचं.”

“सांगून?” कमलाक्षींनी पुडीची दोरी ताणली. “तू ऐकतीस? काही म्हटलं की पुरावा कुठंय म्हणतीस. ह्यानं नको म्हटलं, पुरावा. मी नको म्हटलं, पुरावा. शेवटी तुझ्या कमरेनं म्हटलं, तेव्हा ऐकलंस की नाही?”

म्हणजे त्यांनाही माहीत होते. ताराला आपला आवाज वर चढेल असे वाटले होते. तो उलट खाली गेला.

“तू रोज माझी पाठ शेकत होतास.”

“दुखत होती तुझी.”

“दुखत होती! का दुखतेय ते तुला ठाऊक होतं, आणि पिशवी तूच धरत होतास. मी पट्टा बांधून वर्गात उभी राहिले. पोरांना म्हणाले, वय झालं. मला खरंच वाटलं, हरिहर. माझ्या अंगावर माझा विश्वास राहिला नाही. पुरावा हवा म्हणून तुम्ही पुरावा बनवलात. कॉलेजात कुणी असं केलं तर मी त्याला प्रयोगशाळेतून बाहेर काढते.”

“एवढं होईल असं वाटलं नव्हतं,” हरिहर म्हणाला. “मी स्वतः चालवून बघितली. मला काही जाणवलं नाही.”

“नाहीच जाणवणार. तुझं वजन माझ्या दीडपट आहे. ती खाच तुझ्यासाठी अगदी बरोबर आहे.”

ती आत वळली आणि पाटावरून पाना उचलला. फूल घरंगळून ठशांवर पडले.

“बेडा, नको गं तारा.” कमलाक्षी दारापर्यंत आल्या होत्या. आता त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, भीती होती. “पुजलेलं आयुध उद्यापर्यंत हलवू नये. मग माझ्यावर राग काढ हवा तर.”

“तोही काढणार आहे, अम्मा. आधी हे.”

“दे, मी करतो,” हरिहर म्हणाला.

“तू केलंस ते पुष्कळ झालं.”

दाबलेली स्प्रिंग कड्याला सहजी सुटू देत नव्हती. तिने पाय रोवून पाना ओढला. कडे एकेक खाच खाली उतरत गेले आणि दर खाचेला कट्ट आवाज झाला. मग दुसरी बाजू. कुंकू आणि काळे वंगण तिच्या बोटांवर एकच झाले. हारही न घालता, चाकाखाली लिंबू न चिरडता तिने गाडी काढली.

चौकापर्यंतचा रस्ता रातोरात सुधारला नव्हता. गटारवाल्यांनी चरीवर टाकलेली लोखंडी पत्र्याची पट्टी अजून तिथेच होती. तिच्यावरून जाताना तारा गेले कित्येक दिवस पायांवर उभी राहत असे. आज ती बसून राहिली. धक्का आला, चाक वर उचलले गेले, स्प्रिंग दबली आणि तिने तो बराचसा पोटात घेतला. कंबर दुखलीच. इतक्या दिवसांची सूज एका फेरीत जात नाही, आणि एका फेरीवरून काही सिद्धही होत नाही. पण हा धक्का रस्त्याचा होता, त्याच्या मापाचा होता. बाकीचा सगळा घरून आलेला होता. हे कळल्याने राग शांत होईल अशी तिची अपेक्षा होती. तो वाढला. इतके साधे काम होते ते. दोन कडी.

ती परतली तेव्हा कोहळा तसाच अर्धवट कापलेला होता. हरिहर पायरीवर बसला होता आणि कमलाक्षी दारात उभ्या होत्या.

“गाडी कुठं जाणार नाही,” तारा म्हणाली. “श्रीनिधीला फोन कर.”

“करतो संध्याकाळी.”

“आत्ता. स्पीकरवर.”

हरिहरने आईकडे पाहिले, मग फोन लावला. पलीकडे ढोलाचा आणि हसण्याचा आवाज होता. “हां काका, हेळी, सांगा,” श्रीनिधी म्हणाला. “उद्या किती वाजता येऊ?”

“नको येऊस रे. गाडी राहू दे इथंच. काकूचा विचार बदलला.”

“माझा विचार बदललेला नाही,” तारा म्हणाली. “खरं कारण सांग.”

“कोण बोलतंय, काकू का? कंबर कशी आहे तुमची?”

 शेजारच्या दारात कुणीतरी कोहळा फोडला आणि टाळ्या पडल्या. हरिहर हातातल्या फोनकडे बघत होता.

“कंबरेला काही झालं नव्हतं तिच्या,” तो म्हणाला. “गाडीची स्प्रिंग मी वर चढवली होती. तिला न सांगता.”

“कशाला, काका?”

हरिहरने मान वर केली. याचे उत्तर तरी तारा देईल, अशी त्याची समजूत होती. आजवरची त्याची अवघड वाक्ये तिनेच पुरी केली होती. तारा गाडीला टेकून उभी राहिली आणि तिने फोनकडे बोट दाखवले.