ओलेबूट

"तेरा!" शिडीवरूनच बाबांनी आरोळी ठोकली.

मी धक्क्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर उभी होते. कडेवर माझी तान्ही लेक, हातात बाबांचा घरी राहिलेला डबा. समोर जहाजाच्या पोटावर पांढऱ्या रंगातले आकडे होते आणि पाणी चौदाच्या बुडाशी टेकलं होतं. तेरा केव्हाच पाण्याखाली गेला होता.

मी पुन्हा वाचलं. याच आकड्यांवरून मी अंक शिकले होते. चौदाच.

आमचं बंदर नदीकाठचं, लहानसं. इथून खडी, गहू, लाकूड भरून जहाजं दोन दिवसांवरच्या समुद्राकडे जातात. मध्ये एका वळणावर नदीच्या तळाशी खडकाची पाठ आहे. पाणी उतरलं की किती फूट बुडालेलं जहाज तिथून सोडायचं, ते कचेरी ठरवते. त्या आठवड्यात मर्यादा होती तेरा फुटांची. आणि जहाज किती बुडालंय हे सांगायचं काम एकतीस वर्षं बाबांचं.

त्यांची रीत सगळ्यांपेक्षा वेगळी. डेकवरून दोरीच्या शिडीने पायऱ्या मोजत उतरायचं, ते बूट पाण्याला लागेपर्यंत. दर पायरीला एक फूट. जितक्या पायऱ्या कोरड्या, तितकं जहाज वर, उरलेलं पाण्यात. मग आकड्याकडे बघून खात्री करायची. अख्खं बंदर त्यांना ओलेबूट म्हणायचं.

आजही त्यांनी मान वळवून आकड्याकडे बघितलं होतं. बघूनच ते तेरा म्हणाले होते.

हल्ली तान्ही आवाज करेपर्यंत ते तिच्याकडे हात पुढे करत नसत. मला वाटायचं, वय झालं, लक्ष नसतं.

शिडी कोरी होती, पिवळ्या दोराची. पायऱ्या नेहमीपेक्षा जवळ बांधलेल्या.

"काका, नक्की तेरा ना?" कचेरीच्या कारकुनाने खिडकीतून डोकं काढलं.

"सोळा म्हटलं तर काय, घरी नेऊन ठेवणार आहेस जहाज?"

कारकून हसला आणि परवान्यावर शिक्का मारला. कप्तानाला निघायची घाईच होती. "पुढचा दोर सोडा!"

बाबा फळीवरून धक्क्यावर आले. मी धावत त्यांना गाठलं.

"बाबा, शिडी नवीन आहे. पायऱ्या फुटाच्या नाहीत. चौदा आहे ते."

"तू कधी लागलीस गं नोकरीला?"

"मग वाचा ना. आत्ता. माझ्यासमोर."

त्यांची हनुवटी तेवढी हलली.

"मी सांगते कचेरीत. मला दिसलं म्हणून सांगते. तुमचं नाव नको."

"आठ महिने राहिलेत माझे." इतक्या हळू की मला ओठांवरूनच कळलं. "आठ महिने, पोरी. कप्तान सांभाळून काढेल. जुना माणूस आहे."

पुढचा दोर पाण्यात पडला. इंजिन घरघरलं. तान्ही दचकून माझ्या मानेला बिलगली. माझं लक्ष डेककडे गेलं आणि तोंडातून निघून गेलं, "लंगोट वाळत घातलेत वर."

"कुठे?"

"डेकवर. कप्तानाची बायको आहे वाटतं बरोबर. सहा-सात आहेत, छोटे छोटे."

बाबांनी डेककडे तोंड केलं. बराच वेळ बघत राहिले, जणू डोळे ताणले तर दिसतील.

"थांबव रे!" ते एकदम ओरडले. "मागचा दोर सोडू नका! चुकलं माझं. चौदा आहे!"

कारकून खिडकी सोडून बाहेर आला. "काका, चेष्टा करताय का?"

"नाही. मला आकडे दिसत नाहीत. वर्ष झालं."

कप्तान कठड्यावरून कडाडला, "एकतीस वर्षं काय झोपा काढल्या का हो?"

"तीस नीट काढली," बाबा म्हणाले. "एकतिसावं झाकलं."

कारकुनाने परवाना फाडला. क्रेन परत फिरवली. दुपारभर खडी उतरत राहिली. बाबांना कुणी घरी जा म्हटलं नाही, थांबा असंही नाही. ते दोर बांधायच्या खुंट्यावर बसून राहिले आणि मी तान्हीला पदराखाली घेऊन त्यांच्या शेजारी.

ऊन कललं तेव्हा क्रेन थांबली. कारकून आमच्या समोरून पायऱ्या उतरला. सगळ्यात खाली जाऊन उकिडवा बसला, आकड्यापुढे मान वाकडी केली. मग आमच्याकडे बघत, आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसं म्हणाला, "पावणेतेरा."

बाबा उठून उभे राहिले. शर्ट खाली ओढून नीट केला.

"असा कुजबुजतोस काय? कप्तानाला ऐकू जायला हवं."

कारकुनाने माझ्याकडे बघितलं, मग जहाजाकडे. उभा राहिला आणि छाती भरून श्वास घेतला.