चाळीस मिनिटांची प्रार्थना

आत्यानं तोआकासेच्या हातातून अर्ज ओढून घेतला, डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि सातवा प्रश्न मोठ्यानं वाचला.

"'हे यंत्र यापूर्वी बाहेरच्या कोणाला दाखवले आहे काय?' दाखवलंय. मागच्या ऑगस्टात, शेतीच्या प्रदर्शनात. लिही."

"ते लिहिलंय, आत्या. त्याच्या आधी कुठं?"

"कुठंच नाही." फुसीपाला आत्यानं अर्ज परत दिला. मग तिला आठवलं. "नुसतं चर्चमध्ये."

तोआकासेचं पेन जागच्या जागी थांबलं.

चटयांच्या घरात तीसेक बायका ओळीनं बसून केवड्याच्या पानांच्या पट्ट्या विणत होत्या आणि कान मात्र सगळ्यांचे अर्जाकडे होते. कोपऱ्यात लेसिएली यंत्रावर बसली होती. जुन्या शिलाई मशीनचं पायडल, दोन लाकडी रूळ आणि त्यांच्यामध्ये कॉर्न्ड बीफच्या डब्यांच्या पत्र्यातून कापलेली अकरा पाती. एका बाजूनं वाळलेलं पान सारलं की दुसऱ्या बाजूनं सारख्या रुंदीच्या पट्ट्या पडत, आणि एक स्क्रू पिळला की रुंदी हवी तशी बदले. जे काम करताना बायकांच्या बोटांना आठवडाभर चिरा पडायच्या, ते एका सकाळीत होई. हे सगळं लेसिएलीच्या डोक्यातून आलेलं. चार वर्षांची असताना गोवरानं तिचे कान गेले, तेव्हापासून गावाचं तिच्याशी बोलणं हातवाऱ्यांनीच चाले, आणि बैठकीत जे ठरेल ते तिला मागाहून कळे.

प्रदर्शनात ऑकलंडच्या एका व्यापाऱ्यानं यंत्राचे चारी बाजूंनी फोटो काढले होते. आता तो तसलीच यंत्रं बनवून बेटाबेटावर विकणार, अशी पक्की बातमी होती. पेटंट आधी बायकांच्या हाती पडलं, तर त्याला लेसिएलीच्या परवानगीशिवाय एक पातंही बसवता येणार नव्हतं. पण कायद्यानं मुदत दिली होती एका वर्षाची: यंत्र पहिल्यांदा लोकांपुढे आलं, त्या दिवसापासून. प्रदर्शनाचं वर्ष या शुक्रवारी संपत होतं, आणि आज बुधवार होता.

तोआकासे ज्या केंद्राची प्रमुख होती, त्याच्या पाटीवर 'सर्वांसाठी कायदा, तंत्रज्ञान व बौद्धिक संपदा' असं लिहिलेलं होतं. पाटी केंद्राच्या दारापेक्षा रुंद होती. प्रमुख तीच, वकील तीच, कारकूनही तीच. केंद्राचा हा पहिलावहिला अर्ज, आणि तो नेमका तिच्या वडिलांच्या गावचा. टोंगात बापाच्या बहिणीपुढे बापाचंही चालत नाही, तिथं भाचीचं काय चालणार! भाचीच्या घरातली आवडेल ती वस्तू आत्यानं उचलावी आणि भाचीनं वर 'आणखी काही हवंय का?' म्हणून विचारावं, अशी रीत. केंद्राचा एकुलता एक टेबलपंखा गेल्या उन्हाळ्यापासून आत्याच्या शेजारी होता आणि थंडीच्या दिवसांतही मानानं फिरत होता.

"चर्चमध्ये कधी नेलंत?" तोआकासेनं विचारलं.

"प्रार्थनेच्या आठवड्यात. तूही होतीस की! आमच्या बायकांच्या गटाची सकाळ होती. नवी होडीसुद्धा आशीर्वादाशिवाय पाण्यात घालत नाही आपण, मग यंत्र तसंच वापरायचं?"

"यंदाच्या जानेवारीत ना?"

"यंदाच्या नाही गं, मागच्या."

तोआकासेनं बोटांवर महिने मोजले. एकोणीस भरले. तिनं पुन्हा मोजले, तरी तेवढेच.

"म्हणजे मुदत कधीच संपली," ती म्हणाली. "चर्चमध्ये दोनशे माणसं होती. त्यांनी पाहिलं असेल, तर ते प्रदर्शनच झालं."

"प्रार्थनेला प्रदर्शन म्हणतात? कुठल्या अधर्म्यानं लिहिलाय हा कायदा?" कालो नावाची बाई विणता विणता कडाडली.

"मग 'नाही' लिहून टाक," दुसरी म्हणाली.

"खाली माझी सही आहे. शपथेवर."

"चर्चच्या गोष्टीत खोटं मीही बोलणार नाही," आत्या म्हणाली आणि रागानं भाचीकडे बघितलं. "पण तू खोदून विचारायला कशाला गेलीस?"

शेवटी पाळकांना बोलावणं गेलं. पाळक वाइपुलू कोनफळाच्या वाफ्यातून तसेच उठून आले, हाताला माती, आणि चारचौघांत जाताना मानासाठी कमरेला बांधतात ती चटई घाईघाईनं गुंडाळलेली. विषय त्या प्रार्थनेचा आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

"आठवते म्हणजे काय! थोडक्यात आटोपली होती मी. चाळीस मिनिटं. लोक अजून नाव काढतात."

"यंत्र कुठं होतं, पाळकसाहेब?"

"पुढंच, वेदीपाशी. झाडाच्या सालीच्या कापडानं झाकून आणलं होतं. देवापुढं काय झाकायचं, म्हणून मी 'प्रार्थना करू या' म्हटल्यावर बायकांनी कापड काढलं. आमेन झालं, परत घातलं."

तोआकासे सावरून बसली. "म्हणजे फक्त प्रार्थनेपुरतं उघडं होतं?"

"तेवढंच."

"तुम्ही त्याचं वर्णन केलंत का? पाती, रूळ वगैरे?"

"मला काय कळतंय त्यातलं? 'प्रभू, हे जे काही आहे, त्याच्यावर तुझी कृपा असू दे,' म्हणालो."

"आणि लोकांचे डोळे?"

पाळकांना हा प्रश्नच आवडला नाही. "मिटलेले! माझ्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी एकाची पापणी हलत नाही. हवं तर लिहून देतो."

तोआकासेचा जीव भांड्यात पडला. कोणी पाहिलंच नाही, तर दाखवलं असं कसं म्हणणार? व्यापाऱ्यानं दहा वकील उभे केले, तरी 'प्रार्थना चालू असताना माझे डोळे उघडे होते' असं शपथेवर सांगणारा साक्षीदार या गावात त्याला जन्मात मिळायचा नाही. तिनं तसं निवेदन लिहिलं, पाळकांनी झोकात सही केली. बायकांनी अळूच्या पानांत मांस गुंडाळून भाजलेल्या लूच्या पुड्या काढल्या, नारळाच्या दुधाचा वास घरभर पसरला. आता खाली फक्त वकिलाची सही उरली होती: 'माझ्या माहितीप्रमाणे वरील सर्व खरे आहे.'

तोआकासेनं पेन टेकवलं आणि उचललं. पुन्हा टेकवलं.

इतका वेळ जे आठवायचं ती टाळत होती, ते आता टळेना. त्या सकाळी, साधारण तिसाव्या मिनिटाला, गुडघे बधिर झाल्यामुळे तिनं डावा डोळा उघडला होता. समोर पत्र्याची पाती चमकत होती. तिनं ती मोजली, अकरा भरली. मग स्क्रू दिसला, मग दोन्ही डोळे उघडे राहिले ते आमेनपर्यंत. तो स्क्रू पुढं तिच्या मनातून गेला नाही, म्हणून तर ती मार्चमध्ये आपण होऊन आत्याकडे पेटंटचं बोलायला आली होती. तो डोळा उघडला नसता तर हा अर्जच नसता, आणि उघडला म्हणून आता अर्ज खोटा ठरत होता.

सही केली असती तर कोणाला कळणार होतं? कोणालाच नाही. तिला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती. सांगितलं आणि पेटंट गेलं, तर लेसिएलीचं यंत्र तो व्यापारी लेसिएलीच्याच मैत्रिणींना विकणार. कोपऱ्यातून लेसिएली तिच्याकडेच बघत होती, पायडल मारता मारता. तोआकासेनं पेन खाली ठेवलं.

"मी पाहिलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"यंत्र. प्रार्थना चालू असताना. डोळे उघडे होते माझे. चांगली दहा मिनिटं."

हात दाखवून अवलक्षण करून घेणं म्हणतात ते हेच. एकही बाई विणेना. पाळकांनी छातीवर हात ठेवला.

"शिकलीसवरलीस," ते खोल आवाजात म्हणाले, "एवढ्या मोठ्या पाटीची साहेबीण झालीस, आणि..."

"थांबा जरा." आत्या उठून उभी राहिली. "ही माझ्या भावाची मुलगी. हिचं जे आहे ते माझं. पंखा माझा, तसे डोळेही माझे. म्हणजे ते मीच पाहिलं. आणि मला तर यंत्र आधीपासून ठाऊक होतं. लिही पुढं."

तोआकासेला हसू फुटलं, पण हसता हसता ती विचारात पडली. आत्याचं बोलणं अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं. गुपित राखायला जो बांधलेला असतो, त्याला कायदासुद्धा बाहेरचा म्हणत नाही. आणि आत्याचं गुपित फोडणारी भाची टोंगात अजून जन्मायची होती. गटातल्या बायकाही बाहेरच्या नव्हत्या, आणि गावात गटाबाहेरची बाई नव्हती. उरले ते पुरुष.

"आत्या, माझं एक सोडा. पण माझे डोळे उघडले तर आणखी कोणाचे उघडले नसतील कशावरून? पुरुषांच्या बाकांवरून एकानं जरी बघितलं असेल..."

"हे सांगणार कोण?" पाळकांनी हात जोडून, डोळे मिटून-उघडून दाखवत विचारलं. "सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना कोणाचे उघडे होते, हे बघायला होतं कोण?"

कोपऱ्यातली खडखड थांबली. लेसिएली पट्ट्या ओलांडत मध्ये येऊन उभी राहिली आणि तिनं हात वर केला.

तिला विचारायचं कोणालाच सुचलं नव्हतं. लेसिएली प्रार्थनेत कधीच डोळे मिटत नसे. मिटले तर आमेन झालेलं तिला कळणार कसं? लहानपणी एकदा मिटले होते, तर सगळं गाव घरी जाऊन जेवायला बसलं तरी पोरगी गुडघ्यांवरच होती. तेव्हाच्या पाळकांनी तिला सूट दिली, आणि दिल्याचं सगळे विसरून गेले.

तिनं दोन बोटं आपल्या डोळ्यांना लावली आणि तोआकासेकडे दाखवली. हो, हिनं पाहिलं. मग तीच बोटं कालोकडे वळली. कालो पट्टीतली गाठ शोधू लागली. मग तिच्या शेजारणीकडे, तिच्या पलीकडच्या दोघींकडे, सावकाश सगळ्या ओळीवरून फिरत ती आत्याशी येऊन थांबली.

"यंत्र कलंडत तर नाही ना, ते बघत होते मी," आत्या म्हणाली.

बोटं पाळकांकडे वळली.

पाळक खोकले. "कशासाठी प्रार्थना करतोय, ते माणसानं बघायला नको?" गुपितं राखणं त्यांच्या पेशातच होतं, म्हणून तोआकासेनं त्यांना सोडलं.

"आणि पुरुष?" तोआकासेनं हातांनीच विचारलं. डावीकडची बाकं, मिशा, डोळे. पाहुणे धरून सगळे. तिच्या पाचावर धारण बसली होती. एक माणूस पुरे होता.

लेसिएलीनं आठवून पाहिलं. मग मान कलती केली, गाल तळहातावर टेकवला आणि तोंड उघडं टाकलं. दुसऱ्या हातानं हवेत एक मोठं वर्तुळ काढलं.

"झोपले होते," आत्यानं अर्थ सांगितला. सांगायची गरज नव्हती.

"कधीपासून?" तोआकासेनं खूण केली.

लेसिएलीनं कापड ओढून काढल्याची खूण केली आणि पुन्हा गाल तळहातावर टेकवला.

"सगळे?" पाळकांनी हात गोल फिरवून विचारलं.

लेसिएलीला पाळक आवडत. ती घुटमळली. मग तिनं जमिनीवर तळहात ठेवला आणि थरथर हलवून दाखवला.

"घोरण्यानं बाक हादरत होतं म्हणते," आत्या म्हणाली.

पाळक मटकन चटईवर बसले. तोआकासेनं पहिलं निवेदन फाडलं आणि कोरा कागद घेतला. साक्षीदार लेसिएली, खाली दुजोरा पाळकांचा, कारण चर्च त्यांचं. लिहून झाल्यावर तिनं वाचून दाखवलं: 'पुरुषांच्या बाजूचे सर्व उपस्थित प्रार्थनेच्या आरंभापासून अखेरपर्यंत झोपलेले होते.'

"'ध्यानमग्न' नाही लिहिता येणार?" पाळकांनी हळूच विचारलं.

"ध्यानातला माणूस डोळे उघडू शकतो. झोपलेलेच हवेत, पाळकसाहेब."

"पण आरंभापासून?"

"यंत्र आरंभापासून उघडं होतं."

लेसिएलीनं आधी सही केली, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोरत. मग कागद पाळकांपुढं आला. बावीस वर्षं ते त्या गावात प्रार्थना करत होते. त्यांनी बोटांची माती चटईला पुसली, कागद वाचला, मग लेसिएलीच्या हातांकडे बघितलं. जुन्या चिरांचे पांढरे वण अजून तिच्या बोटांवर होते. पाळकांनी पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि खाली तारीख घातली.

तोआकासेनं शेवटची सही केली. आत्यानं लूची सगळ्यात मोठी पुडी पाळकांपुढं सरकवली.

"मनाला लावून घेऊ नका. तुम्ही दहा मिनिटांत उरकली असतीत, तर सगळे जागे राहिले असते आणि आम्ही बुडालो असतो."

पाळकांनी पान उलगडलं, पण घास घेतला नाही. "यापुढं आखूडच करावी म्हणतो."

"छे हो, भलतंच काय!" आत्या त्यांच्याजवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तिचं दुसरं यंत्र जानेवारीपर्यंत तयार होतंय."